माझ्या हातची ओटी

नवस बोलताना माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या माणसाला फार शब्द सुचत नाहीत. हॉस्पिटलच्या जिन्यात भिंतीला टेकून मी चतुःशृंगीच्या देवीला एवढंच म्हटलं होतं, "यांना आपल्या पायांनी चालत घरी येऊ दे. नवरात्रात कर्वेनगरहून अनवाणी चालत येईन आणि माझ्या हाताने तुझी ओटी भरीन." संपलं. ना वर्षांची बोली केली, ना आयुष्याची. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ थोड्याच दिवसांपूर्वी त्याच हॉस्पिटलमधून घरी आले होते, ते चौघांनी उचलून आणले म्हणून. ते दृश्य काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. म्हणून मी पाय मागितले. एरवी भाजीवालीशीसुद्धा नीट बोलून घेणारी बाई मी, पण देवीशी व्यवहार करताना माझी अक्कल जिन्यातच राहिली.

हे म्हणजे माझे यजमान. चिंचवडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. बाहेरच्या देशांतली मशिनं आली, माणसं जास्त झाली, आणि एक दिवस यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्या 'स्वेच्छा' शब्दाचा शोध ज्याने लावला त्याला मला एकदा भेटायचं आहे. घरी बसल्यावर हे सकाळ-संध्याकाळ फिरायला जायला लागले, पेपर पाठ करायला लागले, मला स्वयंपाकात सूचना द्यायला लागले, आणि वर्ष व्हायच्या आत छातीत कळ येऊन आडवे झाले. बायपास करावी लागली. मुलीला नुकतीच सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. सेनापती बापट रस्त्यावर, देवीच्या टेकडीच्या जवळच, तिची ती काचेची इमारत. ती गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच अडकवून हॉस्पिटलात यायची आणि बाकावर बसल्या बसल्या झोपायची.

आणि हे चालत आले बरं का! सोसायटीच्या फाटकाशी रिक्षा थांबली. शेजारच्या मुलांनी खुर्ची आणून ठेवली होती, यांना बसवून वर नेऊ म्हणून. यांनी खुर्चीकडे असं बघितलं, की मुलांनी ती मुकाट्याने बाजूला घेतली. "खुर्चीत बसायला मी काय मंत्री आहे?" म्हणाले आणि जिना चढायला लागले. एक पायरी, थांबायचं, कठडा धरायचा, पुढची पायरी. मी मागे औषधांची पिशवी घेऊन उभी. मला रडू आवरत नव्हतं आणि यांना ते दिसू द्यायचं नव्हतं. दार उघडल्यावर आत जाऊन कॉटवर बसले आणि म्हणाले, "चहा टाक. दूध जरा बेताने, डॉक्टरांनी सांगितलंय." त्या दिवशी देवीने आपलं काम केलं. आता पाळी माझी होती.

नवरात्र जवळ आलं. मी खण आणला, हिरवी साडी आणली, नारळ निवडून आणला. ऑफिसात रजा टाकली. पाचव्या माळेला जायचं ठरलं. आणि दुसऱ्या माळेला वारज्याहून दिरांचा फोन आला, जाऊबाई बाळंत झाल्या, मुलगा झाला! लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवून झालेलं मूल. हे ताडकन उठले, जिना उतरून स्वतः पेढे घेऊन आले आणि सगळ्या बिल्डिंगला वाटले. मी पेढा तोंडात घातला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात मूल जन्मलं, म्हणजे आम्हाला सोयर. दहा दिवस देवाला शिवायचं नाही, देवळात जायचं नाही. नवरात्र त्यातच संपत होतं.

"पुढच्या वर्षी जाऊ की," हे म्हणाले. "देवीची काय बदली होणार आहे?"

पुढच्या वर्षी. आम्ही दोघांनीही ते अगदी सहज म्हटलं. सोयर मोडून देवळात जायचं हे आमच्या मनात आलंसुद्धा नाही. नियम म्हणजे नियम. लाल दिव्याला रात्री रस्ता मोकळा असला तरी थांबणारी माणसं आम्ही.

मार्गशीर्षात एका सकाळी हे चहा पिता पिता गेले. कप हातात होता.

त्यापुढचं नवरात्र वर्षाच्या आतलं, म्हणून तेही सोडलं. वर्षश्राद्ध झालं. घरात हळूहळू कामं पुन्हा सुरू झाली. माझ्या ऑफिसात टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, मुलीची कंपनी मोठी झाली, तिची पाळी रात्रीची झाली कारण तिचे साहेब अमेरिकेत होते आणि ते उठायचे तेव्हा आपली निजानीज. तिसरं नवरात्र जवळ यायला लागलं तशी मला झोप लागेना. मी देवीची देणेकरीण होते. दोनदा नियम पाळून तिला थांबवलं होतं. आता नाही थांबवणार, हे मी मनाशी पक्कं केलं.

पितृपंधरवड्यात यांच्या तिथीला घरची सगळी जेवायला आली होती. यांच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. नारायण पेठेतल्या, शिस्तीच्या, आवाज चढवायची गरजच न पडणाऱ्या. पानं उचलल्यावर मी सांगून टाकलं, "या नवरात्रात मी चतुःशृंगीला जाणार आहे. नवस फेडायचा राहिलाय."

ताईंनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडे बघितलं. "कसला नवस?"

मी सांगितलं.

"अगं, ज्याच्यासाठी बोललीस तोच राहिला नाही. नवस त्याच्याबरोबर गेला."

"नवस मी देवीला बोलले होते ताई, यांना नाही. देवी आहे तिथेच आहे."

ताईंनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. फेडायचाच असेल तर चालत जा, नाही कोण म्हणतंय? पण ओटी धाकटीच्या हातून भर. सवाष्ण आहे, लेकुरवाळी आहे. तू ओटी भरायची नाहीस, एवढं तुलाही कळतं."

धाकटी म्हणजे माझी वारज्याची जाऊ. ती स्वयंपाकघराच्या दारात मुलाला कडेवर घेऊन उभी होती. "वहिनी, मी भरीन ना तुमच्या नावाने," ती हळूच म्हणाली. बिचारी मनापासून म्हणत होती.

माझं डोकं फिरलं. "म्हणजे चालणार मी, पाय सोलणार माझे, आणि ओटी भरणार ही? उद्या माझ्या नावाने जेवाल का कोणी?"

"तोंड आवर," ताई म्हणाल्या.

"आवरते. पण ओटी माझ्याच हाताने भरणार. बोलताना तसं बोललेय."

ताईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि रिक्षा बोलवायला सांगितली. जाताना दारात वळून म्हणाल्या, "तुमच्या कर्वेनगरात नवीन शास्त्र निघालं असेल. आमच्या पेठेत अजून जुनंच चालतं."

रात्रपाळीहून सकाळी आलेली लेक टोस्ट खात खात सगळं ऐकून म्हणाली, "आई, तुला एवढं प्रूव्ह का करायचंय? नाहीतर जाऊच नकोस ना. इट्स ओके."

"मला काही सिद्ध करायचं नाहीये. मला द्यायचंय. सांगितलेलं द्यायचं असतं."

"पण आत्यांना एवढं वाईट वाटत असेल तर काकूला भरू दे. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो? मी गॅस बंद केला. हे आजारी असताना हॉस्पिटलच्या फॉर्मवर सही माझ्या हाताची चालली. यांना सूप भरवलं ते माझ्या हाताने. शेवटचं पाणी तोंडात घातलं तेही माझ्याच हाताने. आणि ज्या देवीने यांना पायांवर घरी पाठवलं, तिच्यापुढे मात्र हा हात चालत नाही? का बरं? या हाताचं काय बिघडलं? हे सगळं मी लेकीला म्हणाले नाही, मनातच घोळवलं. तिला एवढंच म्हटलं, "फरक पडतो." ती टोस्ट संपवत म्हणाली, "ओके. मग जा. आणि कोणाचं ऐकू नकोस." मला तेवढं पुरे होतं.

ओटीचं सामान नव्याने आणायला मी लक्ष्मी रोडला गेले. आधीचा खण आणि साडी मी जाऊबाईच्या बाळंतपणात तिलाच दिली होती. दुकानदाराने खणांचा गठ्ठा समोर टाकला, माझ्या कपाळाकडे बघितलं. कुंकू मी लावत नव्हते. कोणी सांगितलं म्हणून नाही, आरशासमोर हात वर जाईना म्हणून.

"ओटी कोण भरणार?" त्याने विचारलं.

"का? त्यावर खणाचा रंग ठरतो का?"

"तसं नाही, विचारलं आपलं."

"विचारायचं असेल तर देवीला विचारा. टेकडीवर असते. मला तो हिरवा दाखवा, लाल काठाचा."

त्याने दाखवला. खण मात्र चांगला होता, उगाच नावं ठेवणार नाही.

पाचव्या माळेला पहाटे मी निघाले तेव्हा फाटकाशी जाऊबाई उभी. मुलाला दिरांकडे ठेवून वारज्याहून आली होती. "मी येणार तुमच्याबरोबर," म्हणाली. तिच्या पायात चप्पल होती आणि तीही काढायला निघाली. मी तिला दटावलं, "तुझा नवस नाही. घाल ती. दोघींचे पाय गेले तर घरी कोण आणणार आपल्याला?" तिने माझ्या हातातली ओटीची पिशवी मात्र काढून घेतली. मीही दिली. सरळ मनाने दिली.

अनवाणी चालणं म्हणजे काय, हे तोपर्यंत मला माहीत नव्हतं. घरात आपण अनवाणीच असतो, त्यात काय विशेष, असं वाटायचं. पण त्या वर्षी पुण्यातला एक रस्ता धड नव्हता. इंटरनेटच्या केबली टाकायला जो तो खणत होता. कर्वे रस्त्याच्या कडेने लांबच लांब चर, त्यातून निघालेली खडी फुटपाथवर, आणि त्या खडीवर माझे पन्नाशीकडे झुकलेले पाय. नळ स्टॉपपर्यंत पोचेस्तोवर मी टाचेवर चालायला लागले होते. तिथे एक आजोबा पांढरे बूट घालून फिरायला निघाले होते. थांबून म्हणाले, "काय हो, चप्पल तुटली का?"

"नाही. नवस आहे."

"मग फुटपाथ सोडा, मधून चाला. फुटपाथ महापालिकेने चालायला केलेला नाही," म्हणाले आणि गेले. सल्ला अगदी बरोबर होता. आम्ही रस्त्याच्या कडेने चालायला लागलो.

लॉ कॉलेज रस्त्यावर झाडांची सावली होती, रस्ता गार होता, जरा बरं वाटलं. रात्रपाळीची मुलं घेऊन परतणाऱ्या गाड्या शेजारून सुसाट जात होत्या, आत सगळ्यांच्या माना पडलेल्या. मला आपली लेक आठवली. मग मला जाणवलं, की जाऊबाई मघापासून काही बोलत नाहीये. एरवी तिच्या तोंडाला विश्रांती नसते. मुलाने काय खाल्लं, काय सांडलं, कोणाला चावला, सगळं ऐकावं लागतं. आज पिशवी छातीशी धरून नुसती चालत होती.

"काय गं? बरं नाही का?"

"नाही वहिनी. बरी आहे."

सेनापती बापट रस्त्याला लागलो तशी गर्दी वाढली. सगळीकडून बायका येत होत्या, कोणी नटून, कोणी मुलांना ओढत, कोणी माझ्यासारख्या अनवाणी. जत्रेच्या पाळण्यांना पहाटेचं अजून कोणी हात लावला नव्हता. फुगेवाले फुगे फुगवत होते. माझा डावा तळवा एव्हाना चिरला होता. जाऊबाई म्हणाली, "जरा बसू या का?" मी म्हटलं, "बसले तर उठणार नाही. चल."

पायऱ्या मी कशा चढले ते मला सांगता येणार नाही. कठडा धरून, दम घेत, मधूनच यांच्यासारखी थांबत. यांना त्या दिवशी आमच्या जिन्यात काय झालं असेल ते मला तिथे कळलं. तेव्हा मागे उभी राहून मला नुसतंच रडू येत होतं. किती जीव एकवटून हा माणूस चढला होता! का, तर बायकोने खुर्चीतला नवरा बघू नये म्हणून. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की पायाची आग विसरले.

वर बायकांची रांग होती. ती हळूहळू पुढे सरकत होती. गाभारा दिसायला लागला. देवीचा शेंदरी मुखवटा, डोळे मोठ्ठे, फुलांमधून आमच्याकडेच रोखलेले. मी जाऊबाईपुढे हात केला, "दे पिशवी."

तिने दिली नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. तिने पिशवी आणखी घट्ट धरली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "वहिनी, ताईंनी मला बाळाची शपथ घातलीय. मीच भरायची म्हणाल्या. म्हणाल्या, त्याच्या सोयरात देवीची ओटी राहिली, आता तुझ्या हातून नीट पुरी झाली नाही तर ते त्याच्यावर येईल. मला काही सुचत नाहीये वहिनी. इतक्या वर्षांनी झालाय तो."

म्हणून ही रस्ताभर गप्प होती! मला ताईंचा असा संताप आला, की त्या समोर असत्या तर तिथेच देवीसमोर ऐकवलं असतं. पण समोर ही होती, पिशवी कवटाळून. आमच्या मागे जरीची साडी नेसलेल्या एक बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि माझ्या गळ्याकडे बघून झालं होतं. "अहो, बरोबर बोलतायत त्या," मला म्हणाल्या. "सवाष्णीलाच भरू द्या. आणि नवस नवऱ्यासाठीच असणार, मग तो फळला तरी कुठे?"

"फळला," मी म्हटलं. "यांना चालत घरी येऊ दे, एवढंच म्हटलं होतं. ते आले. चालत आले. जास्त मागायची बुद्धी मला झाली नाही, त्यात देवीचा काय दोष?"

रांग पुढे सरकली. आमच्यापुढे आता दोनचारच जणी राहिल्या होत्या.

मी जाऊबाईचे दोन्ही खांदे धरले. "ऐक. तुझं बाळ झालं तेव्हा हा माणूस नुकत्याच शिवलेल्या छातीने जिना उतरून पेढे आणायला गेला होता. नवस राहिला म्हणून जरासुद्धा हळहळला नाही. त्याला तेवढा आनंद झाला होता. त्या बाळावर देवी राग काढणार असेल, तर असल्या देवीची ओटी मला भरायचीच नाही. तुझ्या हातूनही नाही आणि माझ्या हातूनही नाही. चल. परत जाऊ."

आणि मी खरंच वळले. तिला दाखवायला म्हणून नाही. पाय रक्ताळलेला, देवी दोन हातांवर, दोन वर्षांची झोप त्या ओटीत अडकलेली, आणि तरी मी वळले, कारण मला त्या क्षणी त्या लेकराची शपथ ओटीपेक्षा जड वाटली. जरीवाल्या बाईंना बाजूला सारून मी एक पाऊल टाकलंसुद्धा.

"वहिनी!" जाऊबाईने मागून माझा दंड पकडला. तिने नाक पुसलं, पदराने डोळे पुसले, देवीकडे एकदा बघितलं. मग पिशवी माझ्या हातात कोंबली. "तुम्हीच भरा. माझ्या बाळाचं काय व्हायचं ते त्याच्या काकांच्या आशीर्वादाने चांगलंच होईल. मी ताईंना सांगीन काय सांगायचं ते."

"अहो, चला की पुढे!" मागून कोणीतरी ओरडलं. "भांडणं घरी जाऊन करा!"

आम्ही पुढे झालो.

मी पिशवीतून साडी काढली, त्यावर खण ठेवला, त्यावर नारळ, त्याची शेंडी देवीकडे केली. हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, हिरव्या बांगड्या. मग तांदूळ ओंजळीत घेतले. घाईत काही दाणे खाली सांडले. गुरुजी म्हातारे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कपाळाकडेही बघितलं असणार, पहाटेपासून हजारो कपाळं बघत होते ते. काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "सावकाश. घाई नाही. दोन्ही हातांनी भरा."

मी भरली. माझ्या हातांनी, दोन्ही. देवीच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "आले होते हो ते. चालत आले होते. उशीर माझ्याकडून झाला."

गुरुजींनी ओटी देवीच्या पायांशी नेली, त्यातले चार तांदूळ आणि नारळ उचलून परत आणले आणि म्हणाले, "पदर करा पुढे." मी केला. त्यांनी तो प्रसाद माझ्या पदरात घातला आणि दिवसभर सगळ्यांना म्हणत असतील तसंच म्हणाले, "झालं हं बाई. नवस फिटला. सुटलात."

तिथून बाहेर कशी आले ते मला आठवत नाही. पायऱ्यांशी येऊन मी मटकन खाली बसले आणि मला असं रडू फुटलं, की आजूबाजूच्या बायका थांबून बघायला लागल्या. हे गेले त्या दिवशीही मी अशी रडले नव्हते. त्या दिवशी फोन करायचे होते, माणसं यायची होती, लेकीला सांभाळायचं होतं. नंतरही यांचं काहीतरी असायचंच. पेन्शनचे कागद, दिवस, वर्षश्राद्ध, आणि सगळ्यांत शेवटी हा नवस. दोन वर्षं मी त्याच्या जोरावर उठत होते. कोणाशी भांडायचं होतं, काहीतरी आणायचं होतं, कुठेतरी पोचायचं होतं.

जाऊबाई माझ्यासमोर उकिडवी बसली. तिने माझा तळवा मांडीवर घेतला आणि रुमालाने रक्त टिपायला लागली. "फार दुखतंय का वहिनी?" तिने विचारलं. "रिक्षा बघू का खाली जाऊन?"

"पाय नाही गं दुखत," मी म्हटलं. "अगं, यांच्यासाठी करायचं माझ्याकडे आता काहीच उरलं नाही."